सूत ते वस्त्र : घरचा हातमाग

ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातील मराठी घरांना चंदेरी साडीची ओळख करून द्यावयास नको. पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात असलेले व आज अशोकनगर जिल्ह्यात मोडणारे चंदेरी हे तिचे गाव. परंतु हे वस्त्र विणकराच्या राहत्या घरात तयार होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. म्हणून घरच्या मागावर सुताचे कापड कसे होते, ते येथे क्रमाने पाहू.

कापडात लांबीच्या दिशेने ताणलेला धागा तो ताणा व रुंदीच्या दिशेने जाणारा तो बाणा. पूर्वी चंदेरीत दोन्ही सुती असत; आज बहुधा ताणा रेशमी व बाणा सुती असतो. सुताचा तलमपणा नंबराने मोजतात. ८४० वारांची एक लड, अशा जितक्या लडी एका पौंडात बसतील तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे १०० नंबरी सुताच्या एका पौंडात ८४,००० वार, सुमारे ७७ किलोमीटर सूत असते. ग्वाल्हेरहून निघालेले ते दतियापर्यंत पोहोचेल! इतके नाजूक सूत मागाचा ताण सोसणार कसे? म्हणून ताण्याच्या सुताला खळ देतात.

यापुढील काम चिकाटीचे आहे. इंचाला ४० धागे धरले, तर ३६ इंच पन्ह्यासाठी १,४४० धागे हवेत. त्यांतील प्रत्येक धागा हाताने दोऱ्याच्या फासातून व मग फणीतून ओवावा लागतो. त्यानंतर विणकर पावडी दाबतो. निम्मे धागे वर जातात, निम्मे खाली राहतात आणि मधल्या फटीतून धोटा बाणा घेऊन जातो. फणीच्या ठोक्याने तो जागी बसतो. मग दुसरी पावडी, पुन्हा धोटा. १७३३ मध्ये जॉन के या इंग्रजाने दोरीच्या झटक्याने धावणारा धोटा शोधला. तेव्हापासून रुंद कापडही एकट्याला विणता येऊ लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. बाण्यात चूक झाली, तर चार धागे उसवून ती सुधारता येते. पण ताण्यातील एक धागा चुकीच्या जागी ओवला गेला, तर तो दोष कापडाच्या संपूर्ण लांबीभर उमटतो. यावरून पूर्वतयारीचे मोल कळते. आणि ही तयारी करतात कोण? सूत उकलणे, कांड्या भरणे ही कामे बहुधा घरातील स्त्रिया व वृद्ध माणसे करतात. गिऱ्हाइकाला मात्र मागावर बसलेला एकच माणूस दिसतो आणि मजुरीही पुष्कळदा त्याच्याच नावे मोजली जाते. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात या धंद्यातील ३५ लाखांहून अधिक माणसे आढळली; त्यांत स्त्रियाच बहुसंख्य होत्या.

आमच्या शहरातील जियाजीराव कॉटन मिल १९२१ मध्ये निघाली आणि शतक संपण्यापूर्वी बंदही पडली. चंदेरीच्या घरांतील धोटा अद्याप थांबलेला नाही. पुढच्या वेळी घरातील चंदेरी हाती घेऊ, तेव्हा विणणाऱ्या हातांबरोबरच कांड्या भरणाऱ्या हातांचेही स्मरण ठेवू. तिची किंमत करताना त्या श्रमांचा हिशेब धरणे, हे आपले कर्तव्य होय.