विजेच्या कामाला माणूस कोणता बोलवावा?



अनुवादाच्या 22 व्या अध्यायातले आठवे वचन आपण बहुधा वाचून पुढे जातो. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, कोणी वरून पडून मेला तर दोष घरावर येऊ नये, असा त्याचा आशय आहे. पदविकेच्या वर्गात मी त्यावर टिपण लिहिले होते आणि गुणही बरे मिळाले होते. अर्थ मात्र कळला तो गेल्या जूनमध्ये, आमच्याच घराच्या मागच्या अंगणात.

आम्ही नवापूर तालुक्यातील एका पाड्यावर राहतो. दोन खोल्या, वर पत्रा, मागे पत्र्याचीच एक पडवी. त्या पडवीत स्वयंपाकघर हलवायचे ठरले तेव्हा एक दिवा, एक पंखा आणि मिक्सरसाठी एक प्लग एवढेच काम होते. पत्नी म्हणाली, परवाना असलेला माणूस बोलवू. एवढ्याशा कामाला तालुक्याहून माणूस कशाला, असे म्हणून मी लग्नाच्या मांडवात लायटिंग करणाऱ्या एका मुलाला बोलावले. मुलगा हुशार आणि कष्टाळू. दुपारी आला, संध्याकाळपर्यंत दिवा लागला. मजुरीचे 600 रुपये घेतले. पैसे वाचवल्याचे समाधान मला झाले, हेही कबूल करतो.

मृगाचा पहिला पाऊस झाला त्या सकाळी पत्नी अनवाणी अंगणात गेली आणि कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेवर ओला टॉवेल टाकू लागली. ती तार एका बाजूला पडवीच्या लोखंडी अँगलला बांधलेली होती. बोटांची मागची बाजू तारेला लागली आणि ती मागे फेकली गेली. तार तिने मुठीत धरली असती तर स्नायू आवळले गेले असते आणि हात सुटला नसता. कोपराला खरचटले, ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला, तो ठीक निघाला. विजेचा झटका बसलेल्या माणसाला बरे वाटत असले तरी डॉक्टरांना दाखवावे, कारण हृदयाच्या ठोक्यांत बिघाड झाला असेल तर तो वरून दिसत नाही. आमची धाकटी मुलगी रोज त्याच तारेला लोंबकळते. त्या दिवशी ती शाळेत गेली होती.

शेजारच्या पाड्यावरचा एक तरुण नवापूरच्या एका परवानाधारक ठेकेदाराकडे काम करतो. आयटीआयमधून वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याने केला आहे आणि नंतर तारतंत्रीचा परवाना काढला आहे. त्याला निरोप धाडला. तो आला, मेन स्विच बंद केला, टेस्टरने खात्री केली आणि मगच शिडीला हात लावला. अर्ध्या तासात त्याने मला चार गोष्टी दाखवल्या.

पत्र्याच्या कडेवरून वायर नेताना खाली पाईप घातलेला नव्हता. वाऱ्याने पत्रा हलला की कड वायरवर घासत होती. आवरण कापले गेले आणि पत्रा, अँगल व कपड्यांची तार अशी सगळी जिवंत झाली. दुसरे, दोन ठिकाणी वायरी नुसत्या पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली. तिसरे, दिव्याचे बटण फेजवर नसून न्यूट्रलवर. म्हणजे बटण बंद केले की दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज तशीच राहते. मी त्या होल्डरमधला दिवा एकदा ओल्या हाताने बदलला होता. चौथी गोष्ट पाहून तो काही बोलला नाही, बोट दाखवून थांबला. तीन पिनांच्या प्लगमागची हिरवी वायर भिंतीत गुंडाळून सोडून दिली होती. तिचे दुसरे टोक कुठेच जात नव्हते.

“अर्थिंग कुठे आहे, सर?” त्याने विचारले. मला उत्तर देता आले नाही. दहा वर्षे त्या घरात राहत होतो.

आता अभ्यासाचा भाग.

पहिला प्रश्न अधिकाराचा. घरातील वायरिंग करणे किंवा वाढवणे हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्र्याच्या हातून व्हावे, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम सांगतात. ते 2010 साली निघाले आणि 2023 साली नव्याने आले. दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा घरगुती उपकरण जुन्याच्या जागी नवे बसवणे यातून वगळले आहे. म्हणजे बल्ब बदलायला ठेकेदार लागत नाही, पण पडवीत नवा प्लग काढणे हे त्या सवलतीत बसत नाही. मी नेमकी तिथेच चूक केली.

दुसरा गैरसमज पाड्यांवर फार आहे आणि शहरातही तो कमी नाही: लाईनमन आला की घरातलेही तोच बघेल. वीज कंपनीची जबाबदारी मीटरपर्यंत, त्यापुढचे घरमालकाचे. खांबावरची तार तुटली, मीटरजवळ ठिणग्या उडाल्या तर 1912 या क्रमांकावर कळवावे आणि जवळ जाऊ नये. मीटरच्या अलीकडे, घरात, आपण आणि आपण बोलावलेला माणूस. आदिवासी भागात याला आणखी एक कारण जोडले गेले आहे. सप्टेंबर 2017 मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत ग्रामीण घराला जोडणीबरोबर एका दिव्यापुरते वायरिंग मिळत असे. अंधारातल्या घरात दिवा लागला ही मोठी गोष्ट होती, तिला मी नावे ठेवणार नाही. पण दुसरा दिवा, पंखा, टीव्ही, मोबाईल चार्जर आणि विहिरीवरचा पंप हे सगळे त्या एका बिंदूवरून पुढे ओढले गेले. कोणी ओढले? हाताशी जो होता त्याने. कुडाच्या भिंतीत खोचलेली वायर उंदीर कुरतडतात, चुलीच्या धुराने व उष्णतेने आवरण कडक होते. घरभेटींना जातो तेव्हा आता माझी नजर आधी छताकडे जाते.

तिसरा मुद्दा त्या छोट्या पेटीचा, ज्यात एमसीबी असते. पुष्कळांना वाटते की एमसीबी बसवली म्हणजे माणूस वाचतो. एमसीबी वायरीला वाचवते. जास्त भार आला किंवा शॉर्टसर्किट झाले तर ती पडते. 16 अँपिअरच्या एमसीबीला माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह जाणवतही नाही, कारण जीव जायला अँपिअरचा लहानसा अंश पुरतो. माणसासाठी वेगळे यंत्र असते, आरसीसीबी. घरासाठी ते 30 मिलिअँपिअरचे घेतात. जुना 15 वॉटचा शून्याचा दिवा सुमारे 65 मिलिअँपिअर घेतो. त्याच्या निम्म्याहून कमी वीज वाट चुकून जमिनीत जाऊ लागली की हे यंत्र क्षणात पुरवठा तोडते. आमच्याकडे ते असते तर पत्रा जिवंत झाला त्याच रात्री घरात अंधार झाला असता आणि मी कुरकुर केली असती.

माणूस बोलावताना काय विचारावे? परवाना दाखव म्हणावे, आणि त्याची मुदत पाहावी. आयटीआयचे प्रमाणपत्र आणि परवाना हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला शिकल्याचा, दुसरा काम करण्याच्या अधिकाराचा. ठेकेदाराचा परवाना क्रमांक मागावा आणि शंका आली तर विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात चौकशी करावी. किती पॉइंट, कोणत्या जाडीची वायर, हे कागदावर लिहून घ्यावे. साधारणपणे दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, प्लगला अडीच आणि गिझरसारख्या जड उपकरणाला चार चौरस मिलिमीटरची वायर घालतात. सामानावर आयएसआय चिन्ह असावे आणि दुकानाचे बिल आपल्या नावाने घ्यावे. काम संपल्यावर चाचणी आपल्यासमोर करायला लावावी आणि ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट जपून ठेवावा. नव्या जोडणीसाठी तो लागतोच.

मला मात्र या सगळ्या प्रश्नांपेक्षा एक खूण जास्त भरवशाची वाटते. चांगला माणूस पैसे सांगण्याआधी विचारतो. या तरुणाने विचारले: घरात काय काय चालते, पुढे फ्रिज घेणार का, पावसात पाणी कुठून गळते, मुले कुठे खेळतात. आणि “हे मी करू शकतो, पण रिपोर्टवर सही ठेकेदाराची लागेल, त्यांना एकदा यावे लागेल, त्याचे पैसे वेगळे,” असे स्वतःहून सांगितले. ज्याला आपल्या अधिकाराची सीमा ठाऊक आहे त्याच्या हाती घर द्यायला मला भीती वाटत नाही.

अर्थिंगला त्याने एक सबंध दिवस घेतला. आमच्याकडे थोड्या मातीखाली मुरूम लागतो आणि मग काळा खडक. न्हाणीचे पाणी जिथे मुरते तिथली जमीन उन्हाळ्यातही ओलसर राहते, म्हणून त्याने तीच जागा निवडली. अडीच मीटरचा जीआय पाईप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला तोंड. खड्डा खणायला मीही उतरलो. पहारीचे दहा घाव घालून बाहेर आलो. कपड्यांची लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधली, आणि तीही पत्र्याला न बांधता दोन लाकडी खांबांना.

हिशेब सांगतो, कारण आपण देणगीचे पैसे हाताळणारी माणसे आहोत. सामान, मजुरी आणि ठेकेदाराची फी धरून 9,400 रुपये झाले. आधीचे 600 गेले ते गेलेच.

आता थोडे नाजूक. मजुरी विचारली तेव्हा आमच्यातल्याच एका वडीलधाऱ्या बंधूंनी त्या तरुणाला म्हटले, “अरे, तू आपल्याच मंडळीतला, सेवा समजून कर.” तो गप्प बसला. मलाही लगेच तोंड उघडता आले नाही, याची लाज वाटते. आपण पाड्यावरच्या मुलांनी शिकावे म्हणून प्रार्थना करतो, फी भरतो, आयटीआयचे अर्ज भरून देतो. मग तो शिकून आला की फुकट राबावे अशी अपेक्षा धरतो, आणि शहरातला माणूस आला तर मागेल ते देतो. कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे हे लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूनेच सांगितले आहे. मी त्याला पूर्ण मजुरी दिली आणि त्याने लिहून दिलेली पावती फाईलला लावली. मांडवाच्या लायटिंगचे काम करणाऱ्या त्या पहिल्या मुलालाही मी दोष देत नाही. त्याला कोणी शिकवले नव्हते आणि मी त्याला न येणारे काम दिले होते. तो आता त्याच ठेकेदाराकडे मदतनीस म्हणून जातो. आयटीआयचा अर्ज भरायला दहावीचा दाखला सापडत नाही, त्यासाठी शाळेत माझ्या दोन खेपा झाल्या आहेत.

आपल्यापैकी काही जण घराचे वायरिंग बदलल्यावर जुन्या वायरीची वेटोळी आमच्या कामासाठी पाठवतात. प्रेम पोहोचते. पण जुने आवरण ठिसूळ झालेले असते. जी वायर तुमच्या घराला नको झाली ती कुडाच्या घराला कशी चालेल? ती भंगारात द्या. पाठवायचेच असेल तर एका घराच्या आरसीसीबीची किंमत पाठवा. मुलींच्या वसतिगृहाच्या अभ्यासिकेचे काम येत्या पावसाआधी, मेअखेर, करायचे आहे. तोच तरुण आणि तोच ठेकेदार ते करणार आहेत. पॉइंटांची यादी कार्यालयाच्या भिंतीवर लावली आहे, येणाऱ्याने वाचावी.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेले एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबायचे; यंत्र पडले तर ते ठीक आहे, न पडले तर तारतंत्र्याला बोलवायचे. ते काम आमच्या घरी पत्नीने स्वतःकडे घेतले आहे, मला हात लावू देत नाही. मार्चपासून अर्थिंगच्या तोंडात दर शनिवारी दोन घागरी पाणी ओतायचे काम माझे.