शुभेच्छापत्राच्या वेषातील फसवणूक

वसई रोड रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस वालीव हे गाव आहे. २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडणारा हा परिसर आज लहानमोठ्या कारखान्यांच्या गाळ्यांसाठी ओळखला जातो. मालाची मागणी, बिले, बँकेतील भरणा आणि कामगारांचे वेतन यांचा बराचसा व्यवहार आता ई-मेल व मोबाईलवरून होतो. दिवाळी, ईद, नाताळ व नववर्ष या दिवसांत त्याच मार्गाने शुभेच्छापत्रांचीही रीघ लागते. या गर्दीचा लाभ घेऊन फसवणूक करणारा आपले पत्र पुढे सरकवतो. म्हणून त्याची कार्यपद्धती समजून घेणे कारखान्यांतील हिशेबनीस, शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी या सर्वांना अगत्याचे झाले आहे.

जुनी युक्ती, नवे वाहन

ही युक्ती नवी नाही. ४ मे २००० रोजी प्रेमपत्राचे नाव धारण केलेला एक ई-मेल फिलिपाइन्समधून निघून अल्पावधीत जगभर पसरला. सोबतची फाईल साध्या मजकुराची भासत असे. प्रत्यक्षात तो संगणकात शिरणारा घातक प्रोग्राम होता. त्या काळच्या बहुतेक संगणकांवर फाईलच्या नावाचा शेवटचा भाग दिसत नसे आणि त्यातच खरी ओळख दडलेली होती. पुढे २००७ मध्ये ‘तुमच्या मित्राने शुभेच्छापत्र पाठविले आहे’ अशा आशयाचे असंख्य ई-मेल जगभर गेले. त्यातील दुव्यावर जाऊन प्रोग्राम उतरवून घेणाऱ्यांचे संगणक मालकाच्या नकळत दुसऱ्याच्या ताब्यात गेले.

आज तीच युक्ती मोबाईलवर आली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यातील एका शासकीय कर्मचाऱ्यास व्हॉट्सॲपवर लग्नाचे निमंत्रण आले. पत्रिका पीडीएफसारखी दिसत होती; वस्तुतः ती ‘एपीके’ फाईल, म्हणजे मोबाईलमध्ये बसविला जाणारा प्रोग्राम होता. ती उघडल्यानंतर त्यांच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले.

फसवणूक कशी घडते?

अशी फाईल उघडली की मोबाईल प्रथम ‘अज्ञात स्रोताकडील’ प्रोग्राम बसविण्याची अनुमती मागतो. ती दिल्यावर तो प्रोग्राम संदेश वाचण्याचीही परवानगी घेतो. मग बँकेकडून येणारा ओटीपी मालकाबरोबर चोरालाही कळतो. अनेकदा त्याच मोबाईलवरून तीच पत्रिका परिचितांना पाठविली जाते. त्यामुळे पुढील व्यक्तीला ती ओळखीच्या माणसाकडून आल्यासारखी वाटते.

आपल्या समाजात निमंत्रणाचा अव्हेर करणे अप्रशस्त समजले जाते. चोर नेमका याच सौजन्याचा फायदा घेतो. यावर एकच नियम ध्यानात ठेवावा : पत्रिका ही वाचावयाची असते, बसवावयाची नसते. जे शुभेच्छापत्र काही बसविण्यास सांगते, परवलीचा शब्द विचारते किंवा ओटीपी मागते, ते शुभेच्छापत्र नव्हेच.

ओळखण्याच्या खुणा

१. फाईलच्या नावाचा शेवटचा भाग पाहावा. तेथे ‘एपीके’ किंवा ‘ईएक्सई’ ही अक्षरे असल्यास, आधी ‘पीडीएफ’ लिहिलेले असले तरी, ती उघडू नये.

२. ई-मेलवर पाठविणाऱ्याचे केवळ नाव पाहू नये, पूर्ण पत्ता वाचावा. नाव कोणीही कोणाचेही लिहू शकतो.

३. संकेतस्थळाचा पत्ता शेवटाकडून वाचावा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते. बँकेच्या नावाने आलेल्या दुव्याचा शेवट निराळा असल्यास सावध व्हावे.

४. ‘आजच उघडा’, ‘अन्यथा खाते बंद होईल’ अशी घाई किंवा भीती घालणाऱ्या पत्राविषयी शंका घ्यावी.

५. पाठविणारा ओळखीचा असल्यास त्यास दूरध्वनी करून विचारावे. त्याच संदेशाला उत्तर देऊन खात्री होत नाही.

कार्यालयांची जबाबदारी

व्यक्तीची फसवणूक एका घरापुरती असते. कार्यालयातील संगणक दूषित झाल्यास सार्वजनिक निधी धोक्यात येतो. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीत ग्रामपंचायतीचे देयक डिजिटल स्वाक्षरीने अदा होते. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी आपापली स्वाक्षरी-कळ व तिचा परवलीचा शब्द स्वतःजवळच ठेवावा, संगणक चालकाच्या खणात नव्हे. त्या संगणकावर खासगी ई-मेल व शुभेच्छापत्रे उघडू नयेत. कारखानदारांनीही पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलल्याचे ई-मेल आल्यास पूर्वीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर बोलून खात्री केल्याविना रक्कम पाठवू नये.

फसवणूक झालीच तर

प्रथम मोबाईलचे इंटरनेट बंद करावे. दुसऱ्या दूरध्वनीवरून बँकेस कळवून खाते व कार्ड रोखावे आणि लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात वेगाने फिरविली जाते; ती मध्येच गोठविता येणे हे तक्रार किती लवकर आली यावर अवलंबून असते. संदेश व फाईल पुसू नयेत, तो पुरावा आहे. परिचितांनाही सावध करावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेस कळवीपर्यंत त्यालाच सोसावे लागे. कळविल्यानंतरचे नुकसान बँकेकडे जाई. विलंब किती महाग पडतो, हे यावरून दिसते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड नुसार संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु लाजेपोटी तक्रारच दिली गेली नाही, तर कायदा चालणार कसा? फसलेल्या व्यक्तीची चेष्टा न करता तिला तक्रारीस साहाय्य करणे हे शेजाऱ्यांचे व सहकाऱ्यांचे कर्तव्य आहे.

शिक्षकांनी सणापूर्वी एक तासिका आणि ग्रामपंचायतींनी ग्रामसभेतील काही वेळ या विषयास दिल्यास, विशेषतः वृद्ध व नव्याने मोबाईल हाताळू लागलेल्या कामगारांचे कष्टाचे पैसे वाचू शकतील.