फोन फुटला तर फोन बदला, नंबर बदलू नका



बंदी उठून बोटी पाण्यात गेल्या की संस्थेच्या ऑफिसात भिजलेले, फुटलेले मोबाईल यायला लागतात. कोणाचा बर्फाच्या खणात पडतो, कोणाचा जाळे ओढताना खिशातून सरकतो. सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच. "नवा फोन घ्यायचा म्हणजे नवे कार्ड, नवा प्लॅन पण घ्यायला लागेल ना?"

नाही लागत. आपल्याकडे फोन वेगळा आणि सिमकार्ड वेगळे. परदेशात पुष्कळ ठिकाणी कंपनी फोन देते आणि दोन-दोन वर्षांच्या करारात बांधून ठेवते. तिथे फोन फुटला की करार पुन्हा वाढवायचा का, हा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडेही असे थोडेफार होऊन गेले. २००३ मध्ये रिलायन्सने सुरुवातीला ५०१ रुपये घेऊन फोन दिले होते, जुन्या मंडळींना आठवत असेल. त्यात काढता येईल असे कार्डच नव्हते, नंबर फोनमध्येच बसवलेला असायचा. मग २०१७ मध्ये १५०० रुपये अनामत घेऊन जिओफोन आला, तो फक्त जिओच्याच कार्डावर चालायचा. तेवढे सोडले तर साध्या प्रीपेड कार्डावर कोणाचे बंधन नाही. जुने कार्ड काढा, दुसऱ्या फोनमध्ये घाला, झाले. एकच बघा, जिओचे कार्ड असेल तर जुना टू-जी बटनाचा फोन चालणार नाही, फोर-जी चालणारा बटनाचा फोन मागा.

फोन खाऱ्या पाण्यात पडला तर आधी बंद करा आणि कार्ड बाहेर काढा. चार्जिंगला लावून बघायचा मोह आवरा, ओल्या फोनला करंट लागला की उरलासुरला पण जातो. कार्ड गोड्या पाण्याने धुऊन मऊ कपड्याने पुसून वाळवा, बहुतेक वेळा ते वाचते. "वॉटरप्रूफ" म्हणून विकलेल्या फोनवरही फार विसंबू नका. त्याची चाचणी गोड्या पाण्यात झालेली असते आणि पाणी शिरले तर वॉरंटीत साधारणपणे धरत नाहीत.

आता खरी गडबड होते ती दुकानात. दुकानदार म्हणतो, जुने कार्ड कशाला, हे नवे घ्या, महिनाभर ऑफर आहे. आपल्या एका सभासदाच्या घरी असेच झाले. नवा फोन, त्यात नवा नंबर, जुने कार्ड डब्यात. पुढे बँकेत काम निघाले तेव्हा ओटीपी जुन्या नंबरवर, आणि तो नंबर तोवर बंद पडून दुसऱ्याच कोणाला मिळालेला. आधारवर नवा नंबर चढवायला गेले तर अंगठा उठेना. दोरी आणि मीठ यांनी आपल्या लोकांची बोटे घासलेली असतात, मशीनला रेषाच सापडत नाहीत. तीन खेपा झाल्या. कार्ड बदलून वाचले किती, तर एका रिचार्जचे पैसे.

तुमच्या नंबरला काय काय बांधलेले आहे ते बघा. बँकेचे खाते, किसान क्रेडिट कार्ड, आधार, राष्ट्रीय मत्स्य डिजिटल प्लॅटफॉर्मवरची नोंदणी, व्यापाऱ्याकडून येणारे यूपीआयचे पैसे. हवामानाचे आणि मासळीच्या पट्ट्याचे मेसेजसुद्धा नोंदवलेल्या नंबरवरच येतात. तांडेलाचा नंबर बदलला आणि बोटमालकाने तो कुठेच कळवला नाही, तर वादळाचा इशारा जाणार कोणाकडे?

कार्डच बुडाले किंवा मोडले तर कंपनीच्या स्वतःच्या दुकानात जाऊन त्याच नंबरचे डुप्लिकेट कार्ड घ्या. ते कार्ड ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळते. आपल्याकडे इथेच अडते. खलाशाचे कार्ड शेठच्या नावावर, बाईचे दिराच्या नावावर, एखाद्याचे तर वारलेल्या वडिलांच्या नावावर. कार्ड चालू आहे तोवर कोणी विचारत नाही. आपल्या नावावर कोणते नंबर आहेत हे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसते, ते मोकळ्या दिवशी एकदा बघून घ्या.

डुप्लिकेट कार्ड चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. फसवणूक टळावी म्हणून हा नियम केलेला आहे. म्हणजे त्या दिवशी ओटीपी नाही. बोट निघायच्या सकाळी कार्ड बदलायला जाऊ नका, एक दिवस हातात ठेवा.

फोन लगेच घ्यायला पैसे नसतात तेव्हा पण कार्ड पडून राहू देऊ नका. कार्ड ९० दिवस काहीच वापरले नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते. आपली बंदी १ जून ते ३१ जुलै म्हणजे ६१ दिवस धरली, तर मेमध्ये फुटलेला फोन ऑगस्टपर्यंत तसाच ठेवणे म्हणजे काठावर खेळणे. घरातल्या कोणाच्याही फोनमध्ये ते कार्ड घालून दोन-चार फोन करा. प्रीपेडमध्ये २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून घेऊन नंबर पुढे राखायची सोय पण आहे.

हप्त्याच्या फोनबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. कंपनीचा करार नसला तरी फायनान्सचा असतो, आणि तो जास्त कडक. आपल्या धंद्यात पैसे फेरीला येतात, हप्ता मात्र बंदीत पण दर महिन्याला येतो. काही ठिकाणी हप्ता चुकला की फोन लॉक करणारे ॲप आधीच टाकून देतात. घ्यायचाच असेल तर फाइल चार्ज धरून एकूण किती भरायचे ते कागदावर लिहून घ्या आणि रोखीच्या किमतीशी ताडून बघा.

जुना फोन घेणे वाईट नाही, पण पैसे द्यायच्या आधी स्टार-हॅश-०६-हॅश दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसेल. इंग्रजीत के-वाय-एम ही तीन अक्षरे, जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. उत्तरात ब्लॅकलिस्ट किंवा डुप्लिकेट आले तर तो फोन चोरीचा किंवा बनावट असू शकतो, हात लावू नका. बिल पण मागा.

नव्या फोनमध्ये यूपीआय चालू करताना बँकेत नोंदवलेले कार्ड त्याच फोनमध्ये हवे आणि मेसेज जाण्याइतका रिचार्ज हवा. पहिल्या दिवशी थोड्याच रकमेची मर्यादा असते, म्हणून डिझेलचे मोठे पैसे त्या दिवशी त्यावरून द्यायचे ठरवू नका.

आणि कंपनीच आवडत नसेल, बंदरावर रेंज येत नसेल, तरी नंबर टाकायचे कारण नाही. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज १९०० वर करायचा. डुप्लिकेट कार्ड नुकतेच घेतले असेल तर ७ दिवस थांबावे लागते. जुन्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत.

फोनच्या खोक्यावरचा आयएमईआय नंबर आणि कार्ड कोणाच्या नावावर आहे ते बोटीच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. ज्यांचे कार्ड दुसऱ्याच्या नावावर आहे त्यांनी दोघांनी मिळून, आपापले आधार घेऊन संस्थेत यावे. नावबदलाला काय कागद लागतात ते आम्ही सांगू.