ॲड-ऑनची चावी संघाच्या कपाटात



आता बऱ्याच प्रभागसंघांचे आणि महिला उत्पादक कंपन्यांचे हिशेब वहीबरोबर कॉम्प्युटरवरही असतात. 'टॅली' हे नाव तुम्ही ऐकलेलंच आहे. पण टॅलीला जोडून घेतलेल्या 'ॲड-ऑन'बद्दल विचारलं, की उत्तर येतं, "ते लेखापाल ताईंना माहीत." पैसे मात्र सगळ्यांचे जातात. म्हणून या पाठात ॲड-ऑन, त्याचा परवाना आणि तो चालू करण्याची पद्धत समजून घेऊ. कॉम्प्युटर येत नसला तरी हा पाठ तुमच्यासाठीच आहे.

ॲड-ऑन म्हणजे काय?

पायाच्या शिलाई मशीनला आपण मोटर बसवून घेतो. मशीन एका कंपनीचं, मोटर दुसऱ्याची. ॲड-ऑन तसंच आहे. टॅली ही बेंगळुरूची कंपनी. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये नसलेली सोय बाहेरचा एखादा स्वतंत्र डेव्हलपर बनवून देतो.

समजा, तुमच्या संघाचं मसाला विक्री केंद्र आहे. बिलावर मालाचं नाव मराठीत हवं आणि कोणत्या गटाची किती पाकिटं विकली गेली हेही दिसायला हवं. अशी सोय डेव्हलपर टॅलीच्या 'टीडीएल' या भाषेत लिहितो आणि एक फाइल देतो. बहुतेक वेळा तिच्या नावाच्या शेवटी 'टीसीपी' असतं. ही फाइल टॅली कंपनीने बनवलेली नसते. त्यामुळे ती अडली तर दुरुस्ती डेव्हलपरकडूनच करून घ्यावी लागते.

परवाना म्हणजे मालकी नव्हे

मोटर विकत घेतली की ती आपली. सॉफ्टवेअरचं तसं नाही. ते खंडाने घेतलेल्या जमिनीसारखं असतं. कसायची मुभा मिळते, सातबारा आपल्या नावावर होत नाही. किती कॉम्प्युटरवर, किती दिवस वापरायचं, हे परवान्यात ठरलेलं असतं.

प्रत्येक टॅलीला ९ आकडी सिरियल नंबर असतो. बरेच डेव्हलपर आपली फाइल त्याच नंबरला बांधून देतात. म्हणून शेजारच्या संघाची फाइल पेन ड्राइव्हवर आणली तरी ती आपल्याकडे बहुधा चालत नाही. फाइल बिघडलेली नसते, कुलूप दुसरं असतं.

चालू कसं करतात?

१. आधी हिशेबाचा बॅकअप घ्या. त्याशिवाय पुढे जाऊ नका.
२. डेव्हलपरला संघाचा सिरियल नंबर लेखी कळवा.
३. आलेली फाइल कॉम्प्युटरवर एका ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. नंतर ती हलवली तर टॅलीला सापडत नाही.
४. टॅलीप्राइम उघडून एफ १ म्हणजे हेल्प दाबा. त्यात 'टीडीएल अँड ॲड-ऑन' निवडा. मग एफ ४ दाबून फाइल कुठे ठेवली ते दाखवा. टॅली सुरू होताना फाइल उघडावी का, या प्रश्नाला 'यस' म्हणा.
५. यादीत फाइलसमोर 'ॲक्टिव्ह' दिसलं की काम झालं. एक नमुना बिल काढून बघा.

डेव्हलपर दुरून आपल्या कॉम्प्युटरवर काम करणार असेल, तर लेखापाल ताई समोर बसलेल्या हव्यात. बँकेचं पान आधी बंद करा. बँकेचा ओटीपी किंवा यूपीआय पिन या कामाला कधीच लागत नाही. कोणी मागितला तर काम तिथेच थांबवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

पैसे देण्याआधी विचारा

● हे पैसे एकदाच द्यायचे की दरवर्षी? टॅलीची किंमत, टॅलीची वार्षिक सेवा आणि ॲड-ऑनचे पैसे हे तीन वेगळे खर्च आहेत. दरपत्रकात ते वेगवेगळे लिहून घ्या.
● टॅलीची नवी आवृत्ती आली आणि ॲड-ऑन अडलं, तर दुरुस्ती फुकट की विकत?
● आधी काही दिवस वापरून बघता येईल का?
● बिल संघाच्या नावाने मिळेल का? रक्कम संघाच्या खात्यातून जायला हवी. कोणा ताईच्या मोबाइलवरून नको.
● ॲड-ऑन बंद झालं तर त्यातल्या नोंदींचं काय?

शेवटचा प्रश्न नीट समजून घ्या. ॲड-ऑनमुळे टॅलीत नवे रकाने तयार होतात, उदाहरणार्थ 'गटाचं नाव'. ॲड-ऑन बंद झालं तर त्या रकान्यांतली माहिती पुसली जात नाही, पण पडद्यावर दिसत नाही. म्हणजे ऐन वाटपाच्या वेळी कोणत्या गटाचे किती पैसे, हेच कळणार नाही. म्हणून गटनिहाय विक्रीचा कागद दर महिन्याला छापून दप्तरी लावा.

लेखापाल बदलली, कॉम्प्युटर बदलला

खरी अडचण इथे येते. टॅलीचा परवाना चालू करताना एक ईमेल द्यावा लागतो. अनलॉक की त्या ईमेलवर येते. पुढे परवाना दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचा असला तरी तोच ईमेल आणि त्याचा पासवर्ड लागतो. तो लेखापाल ताईंचा स्वतःचा असेल आणि त्या लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या, तर संघ त्यांच्या फोनची वाट बघत बसतो. यात त्या ताईंचा दोष नाही. ईमेल पहिल्यापासून संघाच्या नावाचा हवा होता.

कॉम्प्युटर दुरुस्तीला देण्याआधी किंवा फॉरमॅट करण्याआधी टॅलीचा परवाना 'सरेंडर' करा आणि नव्या जागी पुन्हा चालू करा. सिरियल नंबर तोच राहतो. त्यामुळे त्याच नंबरला बांधलेली ॲड-ऑनची फाइल पुन्हा वापरता येते. फक्त ती जपून ठेवलेली हवी. काही डेव्हलपर फाइल कॉम्प्युटरलाही बांधतात, त्यांना आधी कळवा. परवाना चालू नसेल तर टॅली शिकाऊ पद्धतीत उघडते आणि महिन्याच्या मोजक्याच तारखांना नोंदी घेते. त्यावर रोजचा हिशेब चालत नाही.

"फुकट टाकून देतो"

असं म्हणणारा कोणीतरी भेटतोच. कुलूप तोडलेल्या फाइलबरोबर व्हायरस येऊ शकतो आणि वर्षाचा हिशेब जाऊ शकतो. शिवाय प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे, बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही कॉम्प्युटरवर वापरणं हा गुन्हा आहे. त्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. व्यवसायासाठी वापर नसेल तर न्यायालय सवलत देऊ शकतं, पण आपलं विक्री केंद्र हा व्यवसायच आहे. मात्र रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची एक राखीव प्रत स्वतःसाठी ठेवायला हाच कायदा परवानगी देतो. ती जरूर ठेवा.

आणखी एक गोष्ट. हे ॲड-ऑन अनेकदा एकटा-दुकटा माणूस रात्र जागून लिहितो. आपल्या पापडाचे पैसे कोणी बुडवले तर आपल्याला कसं वाटतं? त्याच्या कष्टाचंही तसंच आहे.

पुढच्या बैठकीत एवढं करा

एका पाकिटात या गोष्टी ठेवा: टॅलीचा सिरियल नंबर, बिलं, डेव्हलपरचा फोन नंबर, परवाना संपण्याची तारीख, आणि ॲड-ऑनची फाइल असलेला पेन ड्राइव्ह. ईमेलचा पासवर्ड वेगळ्या कागदावर लिहून, बंद करून, त्यावर अध्यक्ष आणि सचिव यांच्या सह्या घ्या. पाकीट संघाच्या कपाटात जाईल आणि पदाधिकारी किंवा लेखापाल बदलताना दप्तराबरोबर ताब्यात दिलं जाईल, असा ठराव वहीत लिहा.

मग एकमेकींना तीन प्रश्न विचारा. आपल्याकडे कोणतं ॲड-ऑन आहे? त्याचा परवाना कधी संपतो? उद्या लेखापाल ताई आल्या नाहीत, तर ते कोण चालू करू शकेल? तिसऱ्या प्रश्नाला निदान दोन नावं येईपर्यंत बैठक संपवू नका.