कागदावर नसलेली गाडी

जुनी गाडी उभी करायला घेतलेली माणसं हल्ली वरचेवर भेटतात. कुणाकडे वडिलांची फियाट असते, कुणाच्या गोठ्यात स्टँडर्ड हेरल्ड निघते, एखाद्याने मुंबईहून जुनी एमजी नाहीतर ट्रायम्फ आणलेली असते. इंजिनाची चौकशी मी मागाहून करते. आधी विचारते, वही ठेवलीय का? कुठला भाग कुणी केला, किती पैसे घेतले, पावती कुठाय, फोटो कुठायत? ‘सगळं डोक्यात आहे’ असं उत्तर आलं की मी त्यांना बसवून घेते आणि आमच्या गाडीचं सांगते.

ती एमजी टीडी होती, १९५१ची. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९४९च्या अखेरीपासून १९५३पर्यंत या जातीच्या जवळजवळ तीस हजार गाड्या झाल्या आणि बहुतेक सगळ्या अमेरिकेला गेल्या. थोड्या हिंदुस्थानात आल्या. काकांनी आमची घेतली ती निलगिरीच्या एका चहामळ्यातून, साहेब मायदेशी निघाला तेव्हा. दोन माणसांची बैठक, वर कापडी टप, १२५० सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर. पुढे कितीतरी वर्षं ती कोल्हापुरात, शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. काका निवृत्त झाले आणि आम्ही दोघांनी ती उघडायला घेतली.

पहिल्याच बोल्टने आम्हाला शहाणं केलं. टीडीच्या इंजिनाला एक्सपॅग म्हणतात. त्याच्या बोल्टची डोकी व्हिटवर्थ पान्याची, आटे मात्र मेट्रिक, आणि तेही नेहमीच्या मेट्रिकचे नव्हेत. दुकानात ८ मिलीमीटरचा बोल्ट मागितला की सव्वा मिलीमीटर पिचचा मिळतो, एक्सपॅगला एक मिलीमीटरचा लागतो. बाजारातला बोल्ट दोन फेरे सुखाने आत जातो. तिसऱ्या फेऱ्याला जोर लावला की ब्लॉकमधले मूळचे आटे गेले म्हणून समजा. याचं कारण इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीने कॉव्हेंट्रीत कारखाना काढला होता, तो १९२३ साली विल्यम मॉरिसने घेतला. यंत्रं फ्रेंच मापाची होती, ती तशीच चालू ठेवली. इंग्लंडमधल्या मिस्त्र्याकडचे पाने लागावेत म्हणून डोकी तेवढी व्हिटवर्थ मापाची केली. ज्यांच्या हाती मॉरिस कुळातलं त्या काळचं इंजिन आहे त्यांनी एकही बोल्ट अंदाजाने घालू नये. पिच-गेज लावून बघावं, मग हात लावावा.

हे काम कोल्हापुरात झालं याचा मला फार अभिमान आहे. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांचं गाव हे. उद्यमनगरात एका जुन्या वर्कशॉपमध्ये ज्यांना सगळे मामा म्हणतात असे एक टर्नर आहेत. त्यांनी मूळ बोल्ट हातात घेतला, आट्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, “ताई, ह्यो आपला न्हवं. पर हुतंय.” त्यांनी आधी एक मिलीमीटर पिचचे टॅप करून घेतले, मग ईएन-२४च्या बारमधून सिलिंडर हेडचे स्टड काढले. इंजिनाचा बोअर ६६.५ मिलीमीटरचा. तो मोठा करण्याऐवजी लायनर घालून मूळ मापावर आणायचं त्यांनीच सुचवलं, म्हणजे पुढच्या पिढीलाही ब्लॉकमध्ये मांस शिल्लक राहील. पावती म्हणजे सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली रक्कम. काका ती वाचायचे, पैसे द्यायचे आणि पाकीट तिथेच टाकायचे.

बॉडीचं काम त्याहून नाजूक. टीडीचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असतो. मूळ लाकूड अ‍ॅशचं, ते आपल्याकडे कुठलं मिळायला? बैलगाड्या करणाऱ्या घराण्यातल्या एका सुताराने सगळा सांगाडा जुन्या सागवानात केला. दरवाजाचा खांब त्याने तीनदा रंधला, कारण त्या खांबात सुताभराचा फरक पडला तर दार एक तर बसत नाही किंवा वळणावर आपोआप उघडतं. अशा गाडीत दार बंद होतानाचा आवाज ऐकावा. पत्र्याचा खणखणाट नको, लाकडाचा ठोस आवाज हवा. आमच्या गाडीला तो होता. ज्या सकाळी ती पहिल्यांदा पन्हाळ्याचा घाट चढली त्या सकाळी काका शेजारी बसून फक्त ऑइल प्रेशरच्या काट्याकडे बघत होते.

काका गेले. गाडी काकूंच्या नावावर झाली. हे मात्र वेळेवर झालं, आणि ते फार महत्त्वाचं आहे. मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं, तीन महिन्यांच्या आत ३१ नंबरचा फॉर्म भरून वारसाच्या नावावर गाडी करायची, विमाही त्याच मुदतीत फिरवून घ्यायचा. जुन्या गाड्या अनेक घरांत अजून आजोबांच्याच नावावर आहेत. त्या गाड्यांचं काही झालं तर दावा कुणी करायचा?

मग २०१९चा ऑगस्ट आला.

कोल्हापूरचा माणूस पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज विचारतो. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. त्याखेरीज प्रत्येक घराची आपली एक रेघ असते, २००५च्या पुराची. आमच्या शेडच्या भिंतीवर ती होती आणि गाडी तिच्याहून वीतभर उंच ओट्यावर उभी होती. अख्ख्या पेठेने त्याच हिशेबाने फ्रिज, धान्य, कपाटं चढवून ठेवली होती. त्या वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. मी पुण्यात होते. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याने रस्ता बंद, यायचं कसं? काकूंना होडीतून बाहेर काढलं. गाडी स्टिअरिंगच्या वरपर्यंत बुडाली आणि पाणी उतरेपर्यंत तशीच राहिली. २०२१च्या जुलैत नदी पुन्हा ५५ फुटांच्या पुढे गेली, म्हणजे जुन्या पुराच्या रेघेवर आता कुणी भरवसा ठेवावा असं राहिलेलं नाही. ३९ फुटांची बातमी आली की गाडी उंच भागातल्या कुणाच्या तरी दारात नेऊन लावायची. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची वाट बघत बसायचं नाही. आणि पावसाळ्याच्या तोंडावर चाकं काढून गाडी स्टँडवर चढवायची नाही. जी गाडी ढकलता येत नाही ती वाचवता येत नाही.

आता जे सांगते ते लक्षपूर्वक वाचावं, कारण पुरात बुडालेली अशी गाडी वाचते. पाण्याने आमचं जे नुकसान केलं ते दुरुस्त होण्यासारखं होतं. त्यानंतर जे घडलं त्याने ती गेली.

पाणी ओसरल्यावर विमा कंपनीने पाठवलेल्या क्रेनने गाडी एका गॅरेजात नेली. तिथे कुणीतरी बॅटरी जोडून सेल्फ मारला. सिलिंडरमध्ये पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, त्याला जागा मिळत नाही आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. दोन रॉड वाकले, त्यातल्या एकाने लायनरची कड फोडली. मामांनी लायनर घालून जपलेला ब्लॉक एका सेकंदात गेला. म्हणून बुडालेल्या गाडीला पहिलं काम हे की बॅटरीची वायर काढून गाडीच्या बाहेर ठेवायची आणि स्टिअरिंगला ठळक अक्षरांत चिठ्ठी बांधायची: सुरू करू नये.

त्यानंतरची कामं पहिल्या दोन-तीन दिवसांतच व्हायला हवीत. सगळे स्पार्क प्लग काढा. टीडीसारख्या गाडीला हँडल असतं, त्याने इंजिन हळूच फिरवून पाणी बाहेर येऊ द्या, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि ऑइल ओता. सम्प, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, पेट्रोलची टाकी, सगळं रिकामं करा. पाणी ऑइलच्या खाली बसतं, त्यामुळे डिपस्टिकवर चांगलं ऑइल दिसलं तरी विश्वास ठेवू नका. डायनॅमो आणि सेल्फ उतरवून वाळवा. ब्रेक ऑइल पाणी ओढून घेतं, ते पूर्ण काढून टाका, व्हील सिलिंडर उघडा, चाकांच्या बेअरिंगला नवं ग्रीस भरा. लाकडी सांगाडा असेल तर गाद्या आणि तळाच्या फळ्या काढून, गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुऊन काढा. वाळलेला गाळ पत्रा आणि लाकडाच्या फटीत बसतो आणि खिळे आतून खातो. आणि गाडी उन्हात ठेवू नका. फुगलेलं लाकूड सावलीत, वाऱ्यावर, सावकाश वाळलं तर जागेवर येतं. उन्हात तडकतं.

यावर लोक म्हणतात, सर्व्हेअर येईपर्यंत हात लावू नका असं सांगतात ना? आम्हालाही सांगितलं. पण वाहन विम्याच्या पॉलिसीतच अट असते की आणखी नुकसान होऊ नये म्हणून मालकाने वाजवी काळजी घ्यायची. तेव्हा कंपनीला लेखी कळवा, फोटो आणि व्हिडिओ काढा, पाण्याची खूण दिसेल असे, आणि कामाला लागा. काढलेलं काहीही फेकू नका.

सर्व्हेअर सभ्य होते, त्यांनी नियमाने काम केलं. नियम असा की रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांची निम्मी किंमत घसाऱ्यात जाते. काचेला घसारा नाही. उरलेल्या भागांचा घसारा गाडीच्या वयावर ठरतो आणि दहा वर्षांपुढे तो ५० टक्के. त्यात लाकडी भागही आले. म्हणजे सुताराने तीनदा रंधलेला खांब विम्याच्या हिशेबात १९५१चा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आयडीव्ही, पॉलिसीवर लिहिलेली गाडीची किंमत. पाच वर्षांपेक्षा जुन्या आणि उत्पादन बंद झालेल्या गाडीची ही किंमत तक्त्यावरून ठरत नाही, मालक आणि कंपनी यांनी आपसात ठरवायची असते. पण ठरवायची कशाच्या आधारावर? पावत्या सिगारेटच्या पाकिटांवर होत्या, मूल्यांकनाचा अहवाल नव्हता. वर्षानुवर्षं नूतनीकरणाला आलेल्या एजंटाने आधीचाच छोटा आकडा पुढे ओढला होता. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. आमची पहिल्याच कागदावर गेली.

टोटल लॉसमध्ये मालकाला निवड असते. पूर्ण रक्कम घ्यायची आणि सांगाडा कंपनीला द्यायचा, किंवा भंगाराची किंमत वजा करून उरलेले पैसे घ्यायचे आणि गाडी स्वतःकडे ठेवायची. पुण्यात विमा लोकपालाचं कार्यालय आहे, तिथे तक्रारीला फी नाही, तो मार्गही मी काकूंना सांगितला. काकूंच्या घराच्या खालच्या मजल्याची माती झाली होती. स्वयंपाकघर, अंथरूण, वर्षाचं धान्य, सगळं. त्या म्हणाल्या, “पोरी, मला आधी चूल मांडायचीय.” त्यांनी पूर्ण रक्कम घेतली. गाडी त्यांची होती आणि निर्णय योग्य होता, यात मला आजही शंका नाही. आठवड्याभरात भंगाराचा व्यापारी ट्रेलर घेऊन आला.

गाडी अशी द्यायची वेळ आलीच तर एक गोष्ट विसरू नका. वाहन नष्ट झालं किंवा कायमचं निकामी झालं तर मोटार वाहन कायद्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. नाहीतर तुमचं आरसी बुक आणि चासीवरचा नंबर दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीच्या अंगावर फिरत राहतो.

ज्यांची गाडी उभी आहे त्यांनी हे काम या महिन्यातच करावं. एक वही आणि एक फाइल. प्रत्येक मिस्त्र्याकडून, सुताराकडून सही केलेली साधी पावती, जीएसटी नसला तरी चालेल. उघड्या इंजिनाचे, सांगाड्याचे, रंगाआधीच्या पत्र्याचे तारखेसह फोटो. जाणकाराचं लेखी मूल्यांकन, व्हिंटेज क्लबचा दाखला मिळत असेल तर तोही. हे सगळं घेऊन एजंटाऐवजी कंपनीच्या कार्यालयात जा आणि ठरलेल्या किमतीची, म्हणजे अ‍ॅग्रीड व्हॅल्यूची पॉलिसी मिळते का ते विचारा. नाही म्हणाले तर निदान आयडीव्ही वाढवून घ्या, हप्ता थोडा वाढेल. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५ हजार. रोजच्या वापराला मग ती काढता येत नाही, पण तशा गाडीने रोज भाजी आणायला कोण जातं? फाइलची एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. आमच्याकडे जे थोडे फोटो होते, ते काकांच्या कपाटात होते आणि कपाट तळमजल्यावर होतं.

मामांनी केलेले एक मिलीमीटर पिचचे टॅप, आटे तपासायचं गेज आणि दरवाजाच्या खांबाचे प्लायवुडचे साचे मात्र वर्कशॉपात होते, म्हणून वाचले. ते मी उद्यमनगरातच राहू दिलेत. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे, कुठेही कुणी एक्सपॅग उघडत असेल तर त्याने मामांकडे यावं, टॅप घेऊन जावेत, काम झाल्यावर परत करावेत. मामा पैसे घेणार नाहीत. पावती मात्र आता छापील देतात, ती मागून घ्यावी.