खापराची साक्ष

नदीकाठच्या पांढरीत नांगर फिरला, की खापरांचे तुकडे वर येतात. शेतकरी ते बांधावर टाकून देतो. संशोधक तेच जपून उचलतो. लाकूड कुजते, कापड विरते, तांब्याची भांडी वितळवून लोक नवी घडवितात. फुटक्या खापराचा मात्र कोणालाच लोभ नसतो, म्हणून ते मागे राहते.

संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. तेथे १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. सांकलिया व डॉ. देव यांनी उत्खनन केले. त्यात तांबड्या रंगाची, काळ्या रेघांनी नटलेली, तोटीची भांडी मिळाली. ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. चांगल्या भाजणीच्या तुकड्यावर टिचकी मारली, तर धातूसारखा खणखणीत नाद निघतो.

हा नाद आला कोठून? उन्हात वाळविलेले मडके पाण्यात ठेवले, तर त्याचा पुन्हा चिखल होतो. आव्यातील उष्णता सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सियसच्या पुढे गेली, म्हणजे मातीच्या कणांत बांधलेले पाणी निघून जाते; मग त्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही. आच आणखी वाढली, की कण एकमेकांना घट्ट धरतात. मातीत लोह असते. आव्यात वारा मोकळा खेळला, तर लोहामुळे मडके तांबडे होते. धूर कोंडला, तर ते काळे पडते. खापराच्या ताज्या कडेवर कित्येकदा दोन तांबड्या थरांमध्ये करडा पट्टा दिसतो. तेथील कोळशाचा अंश पुरता जळालेला नसतो. कुंभाराने केलेली घाई तीन हजार वर्षांनंतरही लपत नाही!

खापराचा काप घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा केला, की त्यातून प्रकाश आरपार जातो. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील वाळूचे व खडकाचे कण ओळखता येतात, आणि माती कोणत्या प्रदेशातील असावी याचा माग लागतो. मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर भूमध्य समुद्राकडून आलेल्या दोन कानांच्या रांजणांची खापरे सापडली आहेत.

जमिनीत इतका काळ टिकलेले खापर वर काढल्यावर मात्र कधी कधी कपाटात बसल्या जागी झडू लागते. हे काम मिठाचे. जमिनीतील ओलीबरोबर क्षार खापराच्या छिद्रांत शिरतात. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ पाणी ओढून विरघळते. ती खाली आली, की त्याचे पुन्हा स्फटिक बनतात आणि छिद्रांच्या भिंती आतून रेटतात. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्यात आर्द्रता ही मर्यादा सहज ओलांडते, आणि हिवाळ्यातील दुपारी तिच्या पुष्कळ खाली उतरते. त्याच सांताक्रूझमध्ये, मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरीत, पुरातत्त्वाचे वर्ग चालत आले आहेत. तेथे खापरे सांभाळणाऱ्यास हे आकडे विसरून चालत नाही.

यावर उपाय साधा आहे. खापर स्वच्छ पाण्यात बुडवून ते पाणी वारंवार बदलावयाचे. काढलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकताच ते दुधाळ झाले, तर मीठ अद्याप शिल्लक आहे असे समजावे. पाणी निवळ राहू लागले, की खापर सावलीत सुकवितात. परंतु कच्च्या भाजणीचे खापर पाण्यात भुसभुशीत होते, आणि भाजल्यानंतर दिलेला रंग धुऊन जातो. शिवाय रांधण्याच्या मडक्यात अन्नाची चरबी मुरलेली असते; तिच्या परीक्षेवरून त्या घरी काय शिजत असे, ते कळू शकते. म्हणून जाणता संशोधक सगळीच खापरे धूत नाही. काही तो मातीसकट, हातही न लावता, वेगळी ठेवतो.