चेतकला सोबत हवी



आप्पांची चेतक स्कूटर तू पुन्हा रस्त्यावर आणलीस, फार बरं वाटलं. आता एकच सांगणं: ती एकट्यानं फिरवू नकोस. पुण्यात जुन्या स्कूटरी जिवापाड जपणारे लोक आहेत. सुटीच्या सकाळी त्यांच्याबरोबर बाहेर पड.

चेतकचा वंश व्हेस्पाचा. १९४६ साली इटलीत व्हेस्पा आली, ती कोरादिनो दास्कानिओ या विमानांच्या अभियंत्यानं आखलेली. वेगळी चासी नाहीच, अंगचा पत्राच सगळा भार पेलतो. १९७२ पासून चेतकनंही तीच घडण मिरवली. लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबले. आणि घरी आल्यावर पुढं उभं पोर, मागं बायको, हुकाला पिशवी असा सगळा संसार तिनं वाहिला.

चार स्कूटरवाले दिवे घाटाच्या पायथ्याशी थांबतात तेव्हा बघ. कुणाचा तरी प्लग काळा पडलेला असतो. डिकीतून पाना निघतो, पॉलिश पेपरनं टोक घासलं जातं, दोन किकमध्ये गाडी सुरू. पुढचं-मागचं चाक एकाच मापाचं, त्यामुळे एकाची स्टेपनी दुसऱ्याच्या कुठल्याही चाकाला चालते. नव्या गाड्यांच्या घोळक्यात ही देवाणघेवाण दिसत नाही.

सगळ्यात जुन्या गाडीला पुढं ठेवा आणि बाकीच्यांनी तिच्या चालीनं जा. वेगाची हौस असेल त्यानं दुसरी गाडी घ्यावी.

उतरताना मात्र जपून. चेतकच्या टू-स्ट्रोक इंजिनला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं, लिटरमागे २० मिली ऑइल. थ्रॉटल बंद ठेवून गिअरमध्ये लांब उतार उतरलास की पेट्रोल जेमतेम जातं, त्याबरोबर ऑइलही. मग पिस्टन जाम होण्याची भीती. अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यावी. नुसतं सांगून हे अंगवळणी पडत नाही. पुढच्या गाडीच्या सायलेन्सरमधून मध्येच निळसर धूर सुटतो, तो बघत उतरलास की कळेल.

पावसाळा सरताना सासवडच्या बाजारात सीताफळं येतात, त्या सुमारास निघा. घाटातून खाली मस्तानी तलाव दिसतो. तिथं थांबायचं तर गाड्या रस्त्याच्या पार बाहेर लावा, वळणावर नको. हेल्मेट मागं बसणाऱ्यालाही हवंच. आणि ऑइलची बाटली दोघांना पुरेल एवढी घे.

तुझा मामा